गिटारीची जवारी

कोणतीही इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली की लगेच वाजवू नका. डावा तळवा नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, कडेवर ठेवा आणि हेडस्टॉकपासून, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकापासून, बॉडीपर्यंत सावकाश सरकवत न्या. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. त्यांची टोकं कानशीने घासून नीट गोल केलेली असतील तर हात सुळकन खाली जातो. नसतील तर करवतीच्या पात्यावरून फिरवल्यासारखं खरखरतं, बोटाच्या मुळाशी ओरखडा उठतो. अडीच लाखांच्या आणि पंचवीस हजारांच्या गिटारीत नेमका फरक काय, असं कुणी विचारलं की उत्तराची सुरुवात मी इथून करतो.

विचारणारे पुष्कळ असतात. दादरला माझा गिटारचा क्लास आहे. निकाल लागले की जूनमध्ये पालक येऊ लागतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर दोन गिटारींचे फोटो असतात. आकार तोच, रंग तोच, किंमत मात्र सात-आठपट. गेल्या जूनमध्ये लालबागहून एक गृहस्थ आले होते. नोकरी बेस्टमध्ये, मुलगी अकरावीला. फोटो पुढे धरून म्हणाले, "सर, खरी घेणं आमच्याने व्हायचं नाही. ही त्याच कंपनीची स्वस्तातली आहे म्हणतात. घेऊ का? की फसवणूक आहे?"

मी म्हटलं, घ्या. त्या दिवशी त्यांना घाईत जे सांगितलं ते इथे सविस्तर सांगतो. 'स्वस्त ते खोटं' या समजुतीने या शहरातली कितीतरी मुलं गिटारीपासून दूर राहतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

फसवणूक हा शब्द त्यांच्या तोंडी आला त्यात नवल नाही. मुंबईत घड्याळापासून बुटांपर्यंत सगळ्याची 'फर्स्ट कॉपी' मिळते, गिटारचीही मिळते. बड्या कंपनीचं नाव चोरून चिकटवलेली असली बनावट गिटार मी फुकट दिली तरी घेणार नाही. पण त्याच कंपनीने आपल्याच दुसऱ्या नावाने, राजरोस, कमी किमतीत काढलेली गिटार ही अगदी वेगळी वस्तू आहे.

लिओ फेंडर यांनी १९४६ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आणली. त्या गिटारीची रचनाच मुळी कारखान्याला सोयीची होती. नेक वेगळी, बॉडी वेगळी, दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेल्या. नेक बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. आज जिला आपण देव्हाऱ्यात बसवतो ती जन्मली तीच झटपट आणि भरपूर संख्येने बनवता यावी म्हणून. १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली, पुढच्या काळात दर्जा घसरल्याची ओरड झाली आणि जपानी कारखाने त्याच गिटारीच्या इतक्या देखण्या नकला करू लागले की मूळ मालकांची झोप उडाली. मग १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्येच, फुजिजेनच्या कारखान्यात, स्वतःची स्वस्त गिटार करून घ्यायला सुरुवात केली. तिला नाव दिलं स्क्वायर. तारा बनवणारी त्या नावाची जुनी कंपनी फेंडरने १९६५ मध्येच घेतली होती. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात.

एपिफोन तर एके काळी गिब्सन या दुसऱ्या बड्या गिटार कंपनीशी टक्कर घेणारी कंपनी, १९५७ मध्ये ती गिब्सनच्या घरात आली. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांनी १९६४ मध्ये आणि जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी १९६६ मध्ये एपिफोन कसिनो घेतली. तेव्हा ती गिब्सनच्याच मिशिगनमधल्या कारखान्यात होत असे, आजच्यासारखी चीनमध्ये नव्हे, हे मान्य. तरी धाकट्या घराचं नाव पाहून त्या तिघांनी ती दुकानात खाली ठेवली नाही.

आता पैसा कुठे जातो ते पाहू. बॉडी कापण्याचं काम महागड्या कारखान्यातही संगणकावर चालणारं यंत्र करतं आणि इंडोनेशियातल्या कारखान्यातही तसलंच यंत्र करतं. नेकचा खाचा मिलिमीटरच्या अंशात बसतो, तो दोन्हीकडे बसतो. लाकडात फरक असतो. महाग गिटारीला निवडक, हलकी, एक-दोन तुकड्यांची बॉडी, स्वस्त गिटारीला तीन-चार तुकडे चिकटवलेली. दिसायला हे महत्त्वाचं वाटतं. पण इलेक्ट्रिक गिटारीत आवाज पकडतो तो तारेखालचा पिकअप. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा लोखंडी खिळ्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, महाग पिकअपमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे दांडे. सिरॅमिकचा आवाज थोडा कडक, धारदार येतो. काहींना तोच आवडतो. मला स्वच्छ आवाजात वाजवताना अल्निको आवडतो, डिस्टॉर्शन लावल्यावर, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केल्यावर, फरक सांगायला मला कान टवकारावे लागतात.

फ्रेटबोर्डची गोष्ट मला फार जवळची आहे. पूर्वी तो शिसवीचा असायचा. २०१७ साली शिसवीच्या जगभरच्या व्यापारावर निर्बंध आले, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर कंपन्यांनी स्वस्त गिटारींसाठी दुसरी लाकडं धरली होती. त्यातलं एक 'इंडियन लॉरेल'. मुलं येऊन तक्रार करतात, "सर, रोजवुड नाहीये, लॉरेल आहे." अरे, लॉरेल म्हणजे आपला ऐन! सह्याद्रीच्या रानात मगरीच्या पाठीसारखी साल घेऊन उभा असतो तो. कोकणात घराच्या वाशांना, तुळयांना पिढ्यानपिढ्या वापरलेलं लाकूड. थोडं कोरडं दिसतं, वर्षातून एक-दोनदा तेलाचा हात फिरवावा लागतो, एवढंच. त्याला कमी लेखावं असं त्यात मला काही दिसत नाही.

मग उरलेला पैसा? तो हातांत असतो. फ्रेट बसवल्यावर त्यांची डोकी एका पातळीत आणायची, टोकं गोल करायची, नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कानशीने खोल करायच्या, नेकच्या पोटातली धातूची सळी, म्हणजे ट्रस रॉड, पिळून नेकला जेमतेम बाक द्यायचा, ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, एकेका तारेची लांबी जुळवायची. हे सगळं माणूस करतो, एकेका गिटारीपाशी बसून. महागड्या गिटारीला हे तास मिळतात. स्वस्त गिटारीला मिनिटं मिळतात.

हे तास नंतरही देता येतात आणि इथेही देता येतात, यावर माझं सगळं म्हणणं उभं आहे.

आपल्याला हे खरं तर कुणी शिकवायला नको. मिरजेहून तंबोरा आणला की तो तसाच बैठकीला घेऊन कुणी जात नाही. घोडीवरची जवारी लावून घ्यावी लागते, म्हणजे तारा जिथे टेकतात तो घोडीचा पृष्ठभाग घासून नेमका करावा लागतो. तोच भोपळा, तोच दांडा, त्याच तारा, पण जवारी नीट लागली नसेल तर तंबोरा मुका वाटतो आणि लागली की खोली भरून जाते. मिरजेतली शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी, पुढे तंतुवाद्यं घडवू लागली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला, वाद्य कारखान्यातून निघालं म्हणजे पुरं झालं, हे पटणारच नाही. फ्रेट, नट, ब्रिज यांच्या या सगळ्या जुळवणीला गिटारवाले सेटअप म्हणतात, तिला मी क्लासमध्ये गिटारीची जवारी म्हणतो. पोरांना लगेच समजतं, त्यांच्या आजोबांना त्याहून लवकर समजतं.

मी ज्या कारागिराकडे गिटारी नेतो ते गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर बसतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी हात बसवला तो सतारी आणि तंबोऱ्यांवर, गिटार पुढे आली. त्या मुलीची नवी कोरी गिटार मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. काकांनी ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून नेकच्या रेषेत पाहिलं, मग तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटपाशी बोटाने टिचकी मारली. "नट उंच आहे," म्हणाले.

नट म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्यावर टेकतात ती छोटी पांढरी पट्टी. तिच्या खाचा अर्धा मिलिमीटर उथळ राहिल्या तर दुकानात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण शिकणाऱ्या मुलाचं सगळं आयुष्य पहिल्या तीन फ्रेटवर चालू असतं. नट उंच असेल तर तिथे तार दाबायला दुप्पट जोर लागतो, शिवाय तार जास्त ताणली गेल्याने सूर चढा लागतो. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि कॉर्ड मात्र कणसूर वाजते. मुलाला वाटतं आपलाच कान बिघडलाय. मग येतो एफ कॉर्ड, पहिल्या फ्रेटवर आडवी तर्जनी टाकून सहाही तारा दाबायच्या. चार आठवडे बोट सोलून घेतल्यावरही दोन तारा मुक्याच राहतात. अशा वेळी किती मुलं क्लास सोडतात ते मी इतकी वर्षं पाहत आलोय. आई-वडील म्हणतात, चिकाटी नाही. मी शपथेवर सांगतो, त्यांतल्या निम्म्यांची चिकाटी शाबूत होती, गिटारीची जवारी लागलेली नव्हती.

काकांनी खाचा खोल केल्या. एकेक ओढ, मग तार टाकून पाहणं, पुन्हा एक ओढ. जास्त घासलं गेलं तर तार फ्रेटला लागून झणझणते आणि नट बदलावा लागतो, म्हणून हात सावध. मग फ्रेटच्या टोकांवरून त्रिकोणी कानस. मग ब्रिज. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दीड-पावणेदोन मिलिमीटरची फट ठेवली. तीन तास गेले, अडीच हजार रुपये झाले. गिटार बावीस हजारांची होती. त्या साडेचोवीस हजारांच्या वाद्याच्या नेकवरून हात फिरवाल, तर डोळे मिटून किंमत सांगताना चाचपडाल.

डोळे मिटण्यावरून आठवलं. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या स्पर्धेसाठी जमलेल्या २१ व्हायोलिनवादकांवर एक प्रयोग झाला. क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिनकार जोसेफ कर्टिन यांनी त्यांना वेल्डिंगचे काळे चष्मे घातले, जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटीच्या पट्टीखाली अत्तर लावलं आणि तीन जुनी इटालियन, तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी, म्हणजे सर्वांत नावाजलेल्या घडणीची, होती. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला आणि बहुतेकांना आपल्या आवडीचं वाद्य जुनं की नवं ते सांगता आलं नाही. व्हायोलिन आणि गिटार एक नव्हेत, आणि ती नवी व्हायोलिनंही उत्तम कारागिरांची होती, स्वस्तातली नव्हती. तरी नाव कानांवर किती राज्य करतं हे त्यातून लख्ख दिसतं. हेडस्टॉकवरचं नाव झाकून मी क्लासमध्ये हा खेळ मुलांबरोबर खेळतो. सेटअप केलेली स्वस्त गिटार आणि सेटअप न केलेली महाग गिटार समोर ठेवली की मुलं बिनचूक स्वस्त गिटार उचलतात.

मुंबईचं म्हणून आणखी एक आहे. इथे जूनपासून चार महिने हवा ओली, तारांना आठवड्यात गंज, नेकला बाक. गिब्सनवर आजही नायट्रोसेल्युलोजचा पातळ लॅकर असतो. सुंदर जुना होतो, पण घामाने चिकटतो, रबरी स्टँडवर ठेवला तर डागाळतो. स्वस्त गिटारीवरचा जाड पॉलिएस्टरचा थर, ज्याला जाणकार नावं ठेवतात, आपल्या पावसाळ्यात तोच जास्त टिकतो. आणि प्रवास? संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये पाठीवर अडीच लाख रुपये घेऊन कोण चढेल? ती गिटार कपाटात राहते. बावीस हजारांची गिटार दरवाजात उभी राहून डोंबिवलीला जाते, मित्राच्या गच्चीवर वाजते, कॉलेजच्या फेस्टला वाजते. १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला तेव्हा परदेशी गिटार हवी तर जहाजावर नोकरी करणारा मामा लागायचा. आज जेर महालातल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन चांगली गिटार हातात घेऊन पाहता येते. ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे आणि ती स्वस्त आवृत्त्यांमुळे घडली.

सरसकट घ्या असं मात्र मी म्हणत नाही. ॲम्प, केबल, पट्टा, पिशवी सगळं एका खोक्यात घालून दहा-बारा हजारांना विकतात तो संच टाळा. त्यात गिटारीवर उरतं तरी काय? खुंट्या सूर धरत नाहीत आणि सूर न धरणाऱ्या गिटारीला जवारी लावून काही होत नाही. दुसरं टोकही सांभाळा. स्वस्त नावाखालच्या सर्वांत वरच्या मॉडेलची किंमत चढत चढत मूळ कंपनीच्या मेक्सिकोत बनलेल्या गिटारीच्या जवळ पोचते. तिथे मी सरळ वापरलेली मेक्सिकन घेईन, विकताना तिचे पैसे बरे येतात. स्वस्त गिटार दुकानाबाहेर पडली की निम्म्यावर येते, हे मान्य करूनच ती घ्यायची. आणि घेतल्या घेतल्या पंधरा हजारांचे पिकअप बसवायचा मोह नको. आधी वर्षभर वाजवा. पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग, खरखरू लागला तर लॅमिंग्टन रोडवर नवा मिळतो, तेवढं करा. उरलेले पैसे ॲम्पला द्या, कारण श्रोत्याच्या कानावर शेवटी स्पीकरच पडतो.

रोज रात्री स्टेजवर उभं राहून पोट भरणाऱ्याची गरज वेगळी, त्याने महाग घ्यावी. ज्याला ते नाव हातात असण्याचं सुख हवंय आणि खिसा भरलेला आहे त्यानेही घ्यावी. हौसेला मोल नसतं. हप्त्यांवर हौस करू नये एवढंच माझं म्हणणं.

एक प्रश्न मला खरोखर छळतो. ही स्वस्ताई येते कुठून? माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, वडील पुन्हा आत गेले नाहीत. त्याच वर्षी तिकडे स्क्वायर निघाली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कापड काय, गिटार काय, काम स्वस्त हातांच्या शोधात सरकत राहतं. अमेरिकेतून जपान, जपानहून कोरिया, कोरियाहून इंडोनेशिया आणि चीन. अनेक नामांकित ब्रँडसाठी गिटारी घडवणाऱ्या एका कोरियन कंपनीने २००७ मध्ये इंचॉनच्या कामगारांना घरी पाठवलं. ते २०१९ पर्यंत झगडत राहिले, बारा वर्षं. त्यांच्या हातची गिटार माझ्याकडे आहे. तिच्या फ्रेटवरून बोट फिरवताना मला वडिलांचे हात आठवतात, कधी साच्यावर तुटलेला धागा सांधणारे.

म्हणून 'चायनाचा माल', 'इंडोनेशियाची आहे' असं नाक मुरडून कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या हातांत कसब कमी नाही, त्यांना वेळ कमी दिला जातो आणि पैसा कमी दिला जातो. तिथली मजुरी मी इथून वाढवू शकत नाही. मी एवढंच करू शकतो की त्यांनी केलेलं काम फेकून देण्याजोगं समजत नाही आणि अपुरं राहिलेलं काम माझ्याच शहरातल्या कारागिराकडून, त्याचे पैसे घासाघीस न करता देऊन, पुरं करून घेतो. काकांकडे शिकायला आता एक मुलगा येतो. कामं येत राहिली तर तो टिकेल.

त्या शनिवारी मुलगी वडिलांबरोबर क्लासला आली. गिटार नेहमीसारखी मांडीवर घेतली, तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकली आणि सवयीने दात ओठ खाऊन दाबली. मग थांबली, हाताकडे पाहिलं, जोर कमी केला आणि पिक खाली ओढलं. सहाही तारा बोलल्या. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा, आणि वडील दाराशी चपला हातात धरून तसेच उभे राहिले.